पहिला परिच्छेद ज्याचा त्याचा

"मर्दा, हे काय लिहिलंयस? सभापतींनी का सापांनी?"

जिनाप्पानं माझा कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला होता. मी म्हणालो, "सभापतींनी."

"तसा फार फरक न्हाई म्हणा," असं म्हणत त्यानं बशीतला उरलेला चहा संपवला, टेबल कोपरानं पुसलं आणि माझी बातमी आपल्या अक्षरात उतरवायला घेतली. त्याचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. माझं म्हणजे मुंगीचे पाय, तेही लंगड्या मुंगीचे.

रोज संध्याकाळी साडेपाचला एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात हा कार्यक्रम चालायचा. मी 'दक्षिणध्वज'चा तालुका वार्ताहर आणि जिनाप्पा मगदूम 'जनरेखा'चा. जिल्ह्याच्या गावी या दोन पेपरांचं असं हाडवैर की दोन्हीकडचे संपादक एकमेकांच्या घरच्या लग्नालाही जात नसत. आणि इकडे तालुक्यात आम्हा दोघांचा संसार एक. एकशे चार गावं, वार्ताहर दोन आणि मोटारसायकल एक, तीही त्याच्या मेहुण्याची. सकाळी कामं वाटून घ्यायची. तू पंचायत समिती कर, मी बाजार समिती करतो. संध्याकाळी बातम्यांची अदलाबदल. नियम एवढाच की पहिला परिच्छेद ज्याचा त्याचा, बाकी मजकूर सामाईक. पहिला परिच्छेद बदलला की संपादकाला वाटायचं, आपला माणूस वेगळं काहीतरी घेऊन आला. खालपर्यंत कोण वाचतंय!

अक्षराचं म्हणाल तर तो माझा दोष नाही. मी कोष्ट्याचं पोर. विशीत मागावर होतो, तिथं धोटा उडून उजव्या हाताच्या दोन बोटांवर बसला. बोटं राहिली, पण वाकायची थांबली. पेपरात लागलो तेव्हा पहिल्याच वर्षी आमच्या डेस्कनं माझा कागद वाचून एका मुख्याध्यापकाच्या सत्काराची बातमी शोकसभा म्हणून छापली. मुख्याध्यापक स्वतः पेपर घेऊन माझ्या दारात आले होते. तेव्हा जिनाप्पा म्हणाला, "तू फकस्त लिही. उतरवून मी देतो." आणि अठरा वर्षं त्यानं माझी ओळ न् ओळ उतरवून दिली. आधी बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो, मग शेवटची नऊ वर्षं फॅक्स. फॅक्स झाला की कागद परत हातात यायचा. जिनाप्पा तो घडी घालून पिशवीत टाकायचा आणि माझं मुंगीचं वारूळ चुरगाळून हॉटेलाच्या चुलीत. सख्खा भाऊ एवढं करत नाही, असं मी बायकोला नेहमी सांगायचो.

आमच्यात आणखी एक रीत होती. बातमी वाटली की बातमीचा माणूसही वाटायचा. म्हणजे ती कुणी दिली, तो कितपत भरवशाचा, हे दुसऱ्याला सांगायचंच. नाहीतर उद्या तहसीलदारानं हटकलं तर दुसरा तोंडघशी पडायचा. नाव छापायचं नाही, पण आपल्या माणसाला माहीत असलेलं बरं.

मालन सुतारचं नाव मी त्याला असंच सांगितलं.

मालन पिंपळटेकची आशा सेविका. पस्तिशीची असेल. नवरा नव्हता, सासूबरोबर राहायची. एका मंगळवारी पंचायत समितीच्या मागच्या जिन्यात तिनं मला गाठलं. हातातल्या पिशवीत भाजी होती आणि भाजीखाली वही.

"कोष्टीसर, ही बगा," तिनं वही उघडून धरली. "गावात रक्त तपासायचं शिबिर झालं. सत्याण्णव बायका. ह्यो हिमोग्लोबिनचा रकाना बगा."

मी पाहिलं. अकरा पूर्णांक दोन. अकरा पूर्णांक चार. अकरा. पुन्हा अकरा पूर्णांक दोन, अकरा पूर्णांक चार, अकरा. पानामागून पान तेच, शाळेत पाढे घोकावेत तसं.

"सत्याण्णव बायकांचं रक्त तीनच मापाचं?" मी म्हणालो.

"रक्त घेतलं शिबिरवाल्यांनी, मी डोळ्यांनी बगितलं. पर तपासलं न्हाई. घरी बसून आकडं मांडल्यात." तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "आमच्या गल्लीतली वैशाली. सातवा म्हैना. हितं अकरा पूर्णांक चार लिवलंय. चक्कर येऊन पडली, मोठ्या दवाखान्यात न्हेली तर पाच पूर्णांक आठ निघालं. प्वार गेलं पोटातच. अजून दोघीतिघी तशाच हैत गावात, पांढऱ्याफटक. पर माझं नाव आलं तर मला काढत्याल सर. आणि मला काढलं की ह्या बायकांकडं बगायला कुणी न्हाई. नाव येऊ देऊ नका."

"ताई, जीव गेला तरी नाव यायचं नाही," मी म्हणालो. माणूस असली वाक्यं फार सहज बोलून जातो.

त्या संध्याकाळी हॉटेलात मी लिहिलं, जिनाप्पानं उतरवलं. 'कुणी दिली' म्हणून त्यानं विचारलं, मी सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि दोन्ही पेपरांचे पहिले परिच्छेद वेगळे केले. 'दक्षिणध्वज'मध्ये आलं, रुग्णांच्या नातेवाइकांच्या तक्रारीवरून. 'जनरेखा'त आलं, ग्रामस्थांनी निदर्शनास आणून दिल्यावरून. बातमी गाजली. आठवड्यात फेरतपासणी झाली, पंधरा बायका शहरात हलवाव्या लागल्या. चौकशीवाल्यांनी गावात विचारलं, वही बाहेर काढली कुणी? पण एक पेपर नातेवाईक म्हणतोय, दुसरा ग्रामस्थ म्हणतोय. त्यांना धागा लागेना. मालन बाजारात दिसली की नुसतं हसायची आणि पुढे जायची. मला उगाच छाती दोन इंच फुगल्यासारखी वाटायची.

सहा महिन्यांनी कळलं की पुण्याच्या एका समूहानं 'दक्षिणध्वज' विकत घेतला. महिनाभरात त्यांनीच 'जनरेखा'ही घेतला. वाचकाला पत्ता नाही. नावं तीच, रंग तेच, अग्रलेखात एकमेकांना टोमणेही तेच. फक्त मालक एक. आणि एक दिवस आम्हा दोघांना जिल्ह्याच्या कार्यालयातून एकाच मजकुराची दोन पत्रं आली. यापुढे तालुक्यात एकच प्रतिनिधी राहील, कामाचे पुरावे घेऊन भेटावे.

त्या दिवशी सकाळच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. जिनाप्पाच्या मांडीवर मोठी पिशवी होती. मी म्हणालो, "एवढं काय घेतलंयस?"

"बायकोनं दशम्या दिल्यात."

"हे बघ," मी म्हणालो, "दोघांनी एकच सांगायचं. तालुका वाटून द्या. नदीच्या अल्याडची गावं तुला, पल्याडची मला. मानधन अर्धं केलं तरी चालेल. ठेवायचं तर दोघांना ठेवा."

"तसंच सांगू," तो म्हणाला आणि घाटापर्यंत खिडकीतून उसाकडे बघत बसला. मला वाटलं, बिचारा काळजीत आहे. दोन पोरी लग्नाच्या होत्या त्याच्या. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "होईल रे नीट." आजही तो हात आठवला की माझं मलाच शरमल्यासारखं होतं.

आत आधी त्याला बोलावलं. तो पाऊण तास बाहेर आला नाही. आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी स्टँडवर हाय."

आत समूहाचे सरंजामे नावाचे साहेब होते. चाळिशीचे, बोलायला अगदी गोड. टेबलावर दोन्ही पेपरांची एकाच तारखेची पानं शेजारी शेजारी मांडली होती आणि सारख्या ओळींवर पिवळी शाई फासली होती. पानं हळदीला बसवल्यासारखी दिसत होती.

"बसा, कोष्टी. हे तुमच्या तालुक्याचं. पहिला परिच्छेद सोडला तर बाकी शब्दन् शब्द एक. असे दोनशे नमुने आहेत माझ्याकडे."

"आम्ही वाटून काम करतो साहेब. तालुका मोठा आहे. निम्म्या त्याच्या, निम्म्या माझ्या."

"मगदूम तसं म्हणाले नाहीत." त्यांनी टेबलाखालून एक एक करत गठ्ठे वर काढले. सुतळीनं बांधलेले, वर्षवार. "नऊ वर्षांचे मूळ कागद आणलेत त्यांनी. दोन्ही पेपरांच्या बातम्या, सगळ्या त्यांच्या हस्ताक्षरात. तुमच्या नावाच्यासुद्धा. ते म्हणतात, तुमच्या हाताला इजा झालेली, म्हणून दया करून इतकी वर्षं तुम्हाला लिहून देत आलो."

मी गठ्ठ्याकडे बघत राहिलो. वरचाच कागद भटक्यांच्या पालावर पडलेल्या धाडीचा होता. त्यासाठी मी तीन दिवस पालावर जाऊन बसलो होतो. खाली मोत्याच्या दाण्यांत लिहिलं होतं, महिपती कोष्टी. माझं नावसुद्धा माझ्या हातचं नव्हतं.

"उतरवून तो द्यायचा साहेब. लिहायचो मी."

"तुमचे कच्चे कागद?"

ते सगळे चुलीत गेले होते, आणि त्यावर उकळलेला चहा आम्ही दोघांनी मिळून प्यायलो होतो.

"ठीक आहे," सरंजामे म्हणाले. माणूस वाईट नव्हता; त्याला खरंच खातरजमा करायची होती. "एकच बातमी घेऊ. ही हिमोग्लोबिनची. मला फार आवडली ही. मगदूम म्हणतात त्यांची. तुमची असेल तर सांगा, तुम्हाला कुणी दिली? नाव सांगा, मी आत्ता फोन लावतो. विषय संपला."

मी म्हणालो, "ज्यानं दिली त्याला शब्द दिलाय. नाव सांगता येणार नाही."

"पण मगदूमांनी सांगितलं." त्यांनी आपली टिपणवही फिरवून माझ्यापुढे केली. "पिंपळटेकच्या आशा सेविका, मालन सुतार. बरोबर ना?"

खोटं बोलला, बातम्या लुबाडल्या, इथपर्यंत मी कसाबसा गिळत आलो होतो. पण आता तिचं नाव त्या वहीत होतं. 'बरोबर' एवढं एक म्हटलं असतं तर निदान पारडं सारखं झालं असतं. पण एका तोंडची ती अफवा आणि दोन तोंडची ती बातमी, हे मला जिनाप्पानंच शिकवलं होतं. एकानं सांगितलेलं नाव अजून खोटं ठरू शकत होतं. दुसरा मी होतो.

"या नावाच्या कुणाला मी ओळखत नाही," मी म्हणालो.

सरंजाम्यांनी माझ्याकडे बघितलं. चोर सापडल्याचा आनंद नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, कीव होती. ते हळूच म्हणाले, "मग बातमी तुमची नव्हे, कोष्टी."

मी उठलो, नमस्कार केला आणि जिना उतरलो.

स्टँडवर जिनाप्पा बाकावर बसला होता. पिशवी रिकामी होऊन मांडीवर पडली होती. मला बघून तो उठला.

"महिपत, चहा घेऊया."

"नाव सांगितलंस तिचं?"

"साहेबाला सांगितलं. छापायला न्हाई. पेपरचाच माणूस त्यो, एवढं कळतंय त्याला."

"आणि ते कागद? नऊ वर्षं जपून ठेवलेस?"

"त्यासाठी ठेवलं नव्हतं रं. आईशपथ. सवय हुती आपली." तो खाली मान घालून बोलत होता. "पत्र आलं आणि माळ्यावर बघितलं तर सगळं माझ्या अक्षरात. तुझं पोरगं मिल्ट्रीत लागलंय. माझ्या दोन पोरी घरात हैत. चाळीस वरसाच्या पुढं मला कोण ठेवून घेणार?"

"मला विचारायचंस की. मीच म्हणालो असतो, तू राहा."

"धीर झाला न्हाई."

"आणि मी तिथं तिचं नाव घेतलं असतं तर? ती माझ्याकडं आली होती म्हणून सांगितलं असतं तर? एका फोनात उघडा पडला असतास."

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. "तू घ्यायचा न्हाईस, मला ठावं हुतं," तो म्हणाला. "त्येच धरून गेलो मी."

मी त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. शिवी तरी द्यायला हवी होती. पण अठरा वर्षं ज्याच्याबरोबर एका बशीत चहा प्यायलो, त्यानं माझं सगळं वाईट नव्हे, माझ्यातलं जे बरं होतं नेमकं तेच मोजून माझ्याविरुद्ध लावलं, हे कळल्यावर मी नुसता पाठ फिरवून चालू लागलो. मी त्याची एसटी जाऊ दिली आणि मागच्या गाडीनं आलो. त्यानंतर आम्ही बोललो नाही. तो वारला तेव्हाही मी गेलो नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं की नाही हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

पण त्या दिवशी घरी आल्यावर माझी एक समजूत मी घट्ट धरून ठेवली. नोकरी गेली, अब्रू गेली, पण शब्द राखला. बायकोला सांगितलं, चार जणांना सांगितलं. या एका गोष्टीवर मी जेवत होतो म्हणा ना.

महिन्याभरानं सार्वजनिक वाचनालयात गेलो. तोवर समूहाचे आपल्या भागात पाच पेपर झाले होते. ग्रंथपाल म्हणाले, "कोष्टी, एकच वाचा हो, बाकीचे तसेच आहेत." महिला आरोग्यावर खास पान होतं. पाचही पेपरांत तेच पान, तोच फोटो, तोच मथळा आणि आता पहिला परिच्छेदही तोच. लिहिलं होतं, पिंपळटेकच्या धाडसी आशा सेविका मालन सुतार यांनी जिवाची पर्वा न करता शिबिरातील बनावट नोंदींची वही 'आमच्या प्रतिनिधी'च्या हाती दिली. वैशालीचं नावही होतं, सासरच्या आडनावासकट. पुण्यात डेस्कवर बसलेल्या कुणा पोरीनं सरंजाम्यांच्या फाइलमधून काढून कौतुकानंच लिहिलेलं दिसत होतं. भाषा छान होती.

मी तसाच पिंपळटेकला गेलो.

मालन सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. सासू मला बघून आत निघून गेली. मालननं तांब्याभर पाणी आणून ठेवलं. चहाचं विचारलं नाही.

"काय झालं ताई?"

"काय व्हायचं? पेपर आला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी बोलावलं. वही आणि औषधाची पेटी जमा करून घेतली." ती शेंगा फोडतच होती. "मी म्हणलं, मी न्हाई दिली वही, कुणीतरी खोटं लिवलंय. तर म्हणं, एका पेपरात आलं असतं तर खोटं म्हणलो असतो बाई. पाच-पाच पेपरांत आलंय, पाचीजणं खोटं कसं लिवतील?"

"वैशाली?"

"तिच्या घरची बोलत न्हाईत माझ्याशी. सुनेचं नाव चव्हाट्यावर आणलं म्हणत्यात. तिला परत दिवस गेल्यात. कोण बगणार तिच्याकडं, द्येव जाणे."

मला राहवलं नाही. "मालनताई, मी नाव दिलेलं नाही. साहेबानं मला तोंडावर विचारलं, तुमचं नाव दाखवलं त्याच्या वहीत. मी म्हणालो, असं कुणी मी ओळखत नाही. माझं काम गेलं त्यापायी." तिनं एखादा मऊ शब्द बोलावा, अशी माझी अपेक्षा होती. खोटं कशाला बोलू?

तिचे हात थांबले.

"साहेबाला नाव मगदूमांनी दिलं?"

"हो. त्यानंच घात केला. माझाही, तुमचाही."

"आणि मगदूमांना कुणी दिलं?"

सोप्यात एक कोंबडी शेंगांच्या टरफलांत चोच मारत होती. मालननं तिला हुसकलं नाही.

"मी," मी म्हणालो. "आमच्यात तशी रीत होती ताई. पण त्याला एकट्यालाच सांगितलं. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणालाही नाही."

तिनं माझ्यापुढचा तांब्या उचलला. मी त्यातलं पाणी अजून प्यायलो नव्हतो.

"मीबी एकालाच सांगितलं हुतं, कोष्टीसर."